साक्षीदाराचा पत्ता

अमेरिकेतल्या एका राज्याच्या मतपत्रिकेच्या पाकिटावर मी साक्षीदार म्हणून सही केली, तेव्हा मी स्वतः आयुष्यात एकदाच मत दिलेलं होतं. तेही गावच्या शाळेत, कागदावर शिक्का मारून. त्यानंतर नोकरीसाठी मस्कतला आलो आणि निवडणुका फक्त टीव्हीवर दिसायला लागल्या. त्यामुळे मताबद्दल मला फारसं काही वाटत नसे. त्या सहीनंतर मात्र वाटायला लागलं, आणि ते अजून गेलेलं नाही.

मी सर्व्हेअर. रुस्ताकच्या बाजूला एका रस्त्याचं रुंदीकरण चाललं होतं, त्या कामावर होतो. राहायला मस्कतच्या अल हैल भागात, बायको आणि मुलीसोबत. आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर प्रोजेक्टचे रेसिडेंट इंजिनिअर राहत. साठीच्या पुढचे, उंच, किंचित वाकलेले, अमेरिकन. एकटेच होते. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणायचो. ते गाडी चालवत नसत. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं नव्हतं. म्हणून रोज सकाळी सहाला मी त्यांना माझ्या गाडीत घ्यायचो आणि सव्वा तास आम्ही शेजारी शेजारी बसून रुस्ताकला जायचो. वाटेतलं बरका गाव मागे पडलं की डोंगर जवळ यायचे आणि साहेब बोलायला लागायचे. ते सावकाश इंग्रजीत बोलायचे, मी माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत. दोन वर्षांत पुलांबद्दल, उन्हाबद्दल, माझ्या मुलीच्या गणिताबद्दल खूप बोललो. घरच्यांबद्दल ते एवढंच म्हणायचे, "मला एक मुलगा आहे." घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली होती, हे मला ऑफिसातून कळलं होतं.

आमच्या ऑफिसचा पीआरओ, म्हणजे व्हिसा-परवान्यांची सरकारी कामं बघणारा, रुस्ताकचाच. मोठा अगत्यशील माणूस. एकदा साइटवरचं काम दुपारी लवकर आटोपलं तेव्हा तो आम्हा दोघांना आग्रहानं घरी घेऊन गेला. बैठकीच्या खोलीत गालिचा, लोड, खजूर, कॉफी. भिंतीवर त्याच्या आजोबांची लांब नळीची जुनी बंदूक टांगलेली होती. मी सहज म्हणालो, "छान आहे." तेवढ्यानं तो खूश झाला. त्यानं ती खाली काढली, दस्त्यावरचं चांदीचं काम दाखवलं. लग्नात, ईदला माणसं बंदुका घेऊन कशी नाचतात ते सांगितलं. त्याचा सहा-सात वर्षांचा मुलगा जवळ येऊन उभा होता. बापानं कौतुकानं बंदूक त्याच्या हातात दिली. पोराला ती पेलवत नव्हती. त्यानं कशीबशी ती उचलली, नळी आमच्याकडे वळवली आणि तोंडानं आवाज काढला, "ठो!"

साहेब उठले. कॉफीचा पेला गालिच्यावर लवंडला. ते तसेच दारातून बाहेर पडले.

"रिकामी आहे, साहेब! गोळीच नाही तिच्यात!" पीआरओ मागून ओरडला. त्याचा चेहरा पडला होता. पाहुणा असा उठून गेला म्हणजे घराचा अपमान, पण त्याला राग आला नव्हता; तो घाबरला होता. मी त्याची माफी मागितली, साहेबांचे बूट उचलले आणि बाहेर आलो. साहेब तापलेल्या खडीवर अनवाणी उभे होते. पाय भाजत असणार, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

गाडीत बसल्यावर त्यांनी बूट घातले. मग समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "रिकामीच आहे असं मलाही वाटलं होतं."

मी गाडीचा वेग कमी केला. त्यांनी आपणहून सांगितलं, तेही अगदी थोडक्यात. त्यांना दोन मुलगे होते. घरात पिस्तूल होतं. त्यांच्याकडे बहुतेक घरांत असतं. ते कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेलं असायचं. एका रविवारी त्यांनी ते साफ केलं, गोळ्यांचं मॅगझीन काढून वेगळं ठेवलं. नळीत एक गोळी राहिली होती. दोन दिवसांनी शाळेतून आल्यावर मोठ्यानं धाकट्याला दाखवायला म्हणून ते काढलं. मोठा चौदा वर्षांचा. धाकटा दहाचा.

"मोठ्याला मी त्यावरून कधी एक शब्द बोललो नाही," साहेब म्हणाले. "मला वाटलं, हेच बरोबर. न बोलणं."

त्यानंतर वर्षभरात घर मोडलं आणि ते परदेशातल्या कामांवर निघाले. या देशातून त्या देशात, वीस वर्षं. मोठा मुलगा तिथेच राहिला, मोठा झाला, ट्रकच्या वर्कशॉपमध्ये लागला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः पीआरओच्या टेबलापाशी गेले आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरून उभे राहिले. पीआरओ म्हणाला, "खलास, साहेब, खलास," म्हणजे झालं ते संपलं. त्याला कारण कळलं नाही, पण त्यानं विचारलंही नाही.

साहेबांचा मुलगा कधीकधी सकाळी फोन करायचा, आम्ही रस्त्यात असताना. तिकडे आदला दिवस संपत आलेला असायचा. साहेबांना ऐकायला कमी येई म्हणून ते स्पीकर लावत. मुलाचा आवाज मोठा, मोकळा होता. हवा, फुटबॉल, ट्रक. पाच मिनिटांत फोन संपायचा. त्या उन्हाळ्यात मात्र तो वेगळ्याच विषयावर बोलायला लागला.

"बाबा, तुमची मतपत्रिका आली का?"

"येईल."

"आली की पाठवा. तो बंदुकीचा प्रश्न आहे त्यात. हो म्हणा. माझ्यासाठी महत्त्वाचं आहे. मी इथे घरोघर फिरतोय त्याच्यासाठी."

"बरं," साहेब म्हणाले.

फोन बंद झाल्यावर मला राहवलं नाही. "तो? त्याच्याकडेही बंदूक आहे?"

"चार आहेत," साहेब म्हणाले. "अठरा वर्षांचा झाला त्या वर्षी पहिली घेतली. मला फोटो पाठवला होता." थोड्या वेळानं म्हणाले, "का घेतली असेल, यावर मी खूप विचार केला. अजूनही करतो."

मतपत्रिका ई-मेलवर आली. साहेबांनी ती ऑफिसात छापून घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर ठेवली. मला नवल वाटलं ते तिच्या लांबीचं. आमच्याकडे एका नावासमोर शिक्का मारला की झालं. इथे उमेदवारांची मोठी यादी, न्यायाधीश, आणि खाली प्रश्न. एका प्रश्नावर त्यांनी बोट ठेवलं. राज्याच्या घटनेत अशी दुरुस्ती करावी का, की शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क मूलभूत मानला जाईल आणि त्यावर घातलेलं कुठलंही बंधन न्यायालयानं अतिशय काटेकोरपणे तपासावं. पुढे दोन गोल: होय, नाही.

"हा हक्क तुमच्याकडे आधीपासून आहे ना?" मी विचारलं.

"आहे. देशाच्या घटनेत आहे, राज्याच्याही आहे."

"मग हे कशाला?"

"आणखी पक्का करायला. उद्या कुणी काढून घेईल अशी भीती वाटते लोकांना."

मी म्हटलं, "आमच्याकडे दर निवडणुकीला काढूनच घेतात."

त्यांना वाटलं, मी इंग्रजीत काहीतरी चुकतोय. मग मी त्यांना सांगितलं. आमचं गाव कोकणात. रानडुकरं आणि माकडं पिकाची नासाडी करतात, म्हणून माझ्या वडिलांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची. निवडणूक लागली की पोलीस पाटील निरोप घेऊन यायचा. बाबा बंदूक गोणपाटात गुंडाळायचे, एसटीनं तालुक्याला जायचे आणि पोलीस स्टेशनात जमा करून यायचे. निकाल लागला की परत आणायला जायचे.

"निवडणुकीत सरकार बंदूक मागतं," साहेब एकेक शब्द तोलत म्हणाले, "आणि तुम्ही देता?"

"पावती मिळते," मी म्हटलं.

ते हसले. त्या काही आठवड्यांत मी त्यांना एवढं हसताना एकदाच पाहिलं. हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "मग अजून आहे ती, तुझ्या बाबांकडे?"

आता हे मी कुणाला सांगत नसे. बायकोलाही लग्नानंतर कितीतरी वर्षांनी सांगितलं होतं. पण साहेबांनी मला त्यांचं सांगितलेलं होतं. खोटं बोलणं जमलं नाही. एका संध्याकाळी भाताच्या शेतात बाबा राखणीला बसले होते. बांधापलीकडे गवत हललं. डुक्कर समजून त्यांनी बार काढला. शेजारची काकी गवत कापत होती. छर्रे तिच्या मांडीत आणि गुडघ्यात घुसले. ती वाचली. पोलिसात कुणी गेलं नाही, तिच्या घरच्यांनीच नको म्हटलं. पण पाय कायमचा अधू झाला. पुढच्या निवडणुकीला बाबांनी नेहमीसारखी बंदूक जमा केली आणि परत आणायला गेलेच नाहीत. पोलीस पाटलानं दोनदा आठवण केली तेव्हा म्हणाले, "माका नको ती. ऱ्हवांदे थंयच."

"तिला काय म्हणाले ते? त्या बाईला?"

"काही नाही म्हणाले. तिच्या गोठ्याला लागणारं गवत मात्र स्वतः मरेपर्यंत दरवर्षी तेच कापून देत. भारे तिच्या अंगणात टाकायचे आणि मागे न बघता यायचे."

साहेबांनी मतपत्रिकेची घडी घातली. "आणि ती?"

"ती ते गवत घ्यायची," मी म्हटलं. मला आणखी काही ठाऊक नव्हतं.

त्यांच्या राज्याच्या नियमाप्रमाणे मतदारानं पाकिटावर सही करताना एक साक्षीदार लागत होता. साहेब म्हणाले, तूच हो. शुक्रवारी दुपारी ते वर आमच्या घरी आले. मुलीला बायकोनं आतल्या खोलीत अभ्यासाला बसवलं आणि आमच्यापुढे चहा ठेवला. साहेबांनी जेवणाच्या टेबलावर कागद पसरले, खिशातून काळं पेन काढलं. नियम असा होता, की मी त्यांना खुणा करताना पाहायचं, पण कुठली खूण केली ते पाहायचं नाही. मी जरा दूर, बाल्कनीच्या दाराशी उभा राहिलो. त्यांनी डाव्या हाताचा आडोसा केला. वरची नावं त्यांनी भराभर उरकली असावीत. पेनाचा आवाज येत होता. मग आवाज थांबला.

चहावर साय धरली. बायको स्वयंपाकघरातून डोकावली, तिनं माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या, मी मान हलवली. मला वाटलं, आपण आत जावं, पण मी साक्षीदार होतो, जाता येत नव्हतं.

शेवटी पेन एकदाच वाजलं. कागद पाकिटात गेला, पाकीट बंद झालं, त्यांनी सही केली. मग मी केली. सहीखाली छापील अक्षरांत नाव आणि पत्ता. मी पोस्ट बॉक्स नंबर लिहिला, अल हैल नॉर्थ लिहिलं, मस्कत, ओमान लिहिलं. इथे पत्र घरी येत नाही. पोस्ट बॉक्स हाच पत्ता. बँकेत, शाळेत, पासपोर्टच्या अर्जावर मी तोच लिहीत आलो होतो. हात आपोआप चालला.

दारात साहेब थांबले. "नाही म्हटलं मी," ते हळूच म्हणाले. "त्याला कळणार नाही. गुप्त असतं." आणि लगेच म्हणाले, "वीस वर्षांत त्या दिवसाबद्दल मी केलेली ही एकच गोष्ट."

पाकीट कुरिअरनं गेलं. निकाल लागला. ती दुरुस्ती मोठ्या फरकानं मंजूर झाली. मुलाचा फोन आला, गाडीत त्याचा आनंद मावत नव्हता. "थँक्यू, बाबा! तुमचंही मत आहे त्यात." साहेब म्हणाले, "चांगलं झालं, तू मेहनत घेतलीस." मी रस्त्यावरची नजर काढली नाही.

तीन-चार आठवड्यांनी एका सकाळी ते गाडीत बसले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यांच्या जिल्ह्याच्या निवडणूक कचेरीची ई-मेल होती. आपली मतपत्रिका मोजण्यात आलेली नाही. कारण: साक्षीदाराचा पत्ता अपुरा. पोस्ट बॉक्स चालत नाही. राहत्या घराचा पत्ता हवा.

मला गाडी सुरू करवेना. आमच्या बिल्डिंगचा नंबर, गल्लीचा नंबर, दोन्ही पाट्या मी रोज येताजाता पाहत होतो. माझा धंदाच मुळी जागा नेमकी कुठे आहे ते सांगण्याचा. सेंटिमीटरचा फरक पडला तर मी मजुरांवर डाफरायचो.

"साहेब, माझी चूक," मी म्हटलं. "मी विचारायला हवं होतं."

"माझ्याही लक्षात आलं नाही. एका मतानं काही झालं नसतं."

"पण तुम्ही..."

"चल," ते म्हणाले. "उशीर होतोय."

त्यांनी मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. त्या दिवशी साइटवर मी एकाच जागेच्या उंचीचं माप चार-चार वेळा घेत होतो. घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, तुम्ही मुद्दाम केलंत का?" मुद्दाम केलं नव्हतं, एवढंच मी म्हणू शकत होतो.

नाताळात साहेबांनी मुलाला आपणहून फोन केला. मी तिथे नव्हतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, बरका सोडल्यावर, नेहमीच्या आवाजात.

"मी त्याला म्हटलं, मी 'नाही'वर खूण केली होती. ती मोजलीही गेली नाही, पण केली होती. तो म्हणाला, का? मी म्हटलं, का ते तुला माहीत आहे. तो म्हणाला, मी चौदा वर्षांचा होतो. मी म्हटलं, मला माहीत आहे, आणि पिस्तूल माझं होतं, गोळी मी ठेवली होती. तो म्हणाला, हे सांगायला तुम्हाला वीस वर्षं लागली?"

"मग?"

"मग फोन ठेवला त्यानं."

त्यानंतर सकाळचे फोन बंद झाले. आम्ही गाडीत बसायचो, मोबाइल डॅशबोर्डवर असायचा, बरका यायचं, जायचं. साहेब पुलांबद्दलही बोलेनासे झाले. मला वाटायचं, मी पत्ता नीट लिहिला असता तर ती ई-मेल आली नसती, आणि ते मुलाला काही बोललेही नसते. कधी वाटायचं, तेच बरं झालं असतं. कधी वाटायचं, नसतं झालं.

पुढच्या वर्षी तेलाचे भाव पडले आणि आमचं काम अर्ध्यावर थांबलं. पहिल्यांदा मोठ्या पगारांची माणसं गेली. साहेबांना महिन्याची नोटीस मिळाली. त्यांनी घरातलं सामान वाटून टाकलं. आम्हाला एक इस्त्री आणि दोन खुर्च्या दिल्या. विमानतळावर मीच सोडलं. कुठे जाणार, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "आता काम कोण देणार मला? परतच जावं लागेल." हात मिळवला, आणि वाकून बॅग ओढत गेले. काचेच्या दारापाशी त्यांची उंची आणखी कमी झाल्यासारखी वाटली.

वर्षभर काही कळलं नाही. मग त्यांची ई-मेल आली, पाच-सहा ओळींची. मुलाच्या गावापासून दोन तासांवर त्यांनी एक खोली भाड्यानं घेतली होती. डोळा आणखी बिघडला होता. लिहिलं होतं, मुलगा महिन्यातून एखाद्या रविवारी येतो. आम्ही खेळ बघतो, सूप पितो. त्या विषयावर बोलत नाही. तो आला की मी खिडकीतून बघतो. तो गाडी लावतो, कमरेचं पिस्तूल काढतो, गाडीतल्या कप्प्यात ठेवतो, कप्प्याला कुलूप लावतो, कुलूप ओढून बघतो आणि मग दाराकडे येतो. मी पाहतो हे त्याला माहीत आहे की नाही, मला ठाऊक नाही.

मी ती बायकोला वाचून दाखवली. मुलीनं मधेच विचारलं, "बाबा, हू इज इट?" मी म्हटलं, खालचे आजोबा. उत्तर लिहायला मी तीन वेळा बसलो. शेवटी मुलीच्या दहावीचे मार्क लिहिले, रस्ता अजून अपुराच आहे ते लिहिलं, आणि डोळा दाखवून घ्या असं लिहून पाठवून दिलं. त्याला उत्तर आलं नाही.